मैल्याच्या टाकीत माणूस का उतरतो?

श्रोतेहो, नमस्कार.

सोसायटीच्या सेप्टिक टँकमध्ये गॅस लागून दोघे-तिघे दगावले, ही बातमी आपण वरचेवर ऐकतो. केंद्र सरकारने गटार आणि टाक्या साफ करणाऱ्या सुमारे 38,000 कामगारांची नोंद केली, तेव्हा त्यांतले जवळपास 69 टक्के अनुसूचित जातींचे निघाले. हे आपोआप होत नाही.

पूर्वी हे काम ठरावीक जातींवर लादलेलं होतं. पुढे नगरपालिकांत त्याच वस्त्यांतल्या माणसांना कायम नोकरी मिळाली. महाराष्ट्रात सफाई कामगारांच्या प्रश्नांसाठी नेमलेल्या लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे वारसालाही ती मिळू लागली. पगार आणि पेन्शन होती, म्हणून मुलं शिकली. मग पालिकांनी कायम भरती आवरती घेतली, कामं ठेक्यावर गेली. नोकरीतलं संरक्षण गेलं, काम मात्र त्याच वस्तीत राहिलं. आता ठेकेदार नाक्यावरून रोजंदारीवर माणूस आणतो. हजेरीपट नाही, विमा नाही.

माणूस उतरवण्याची वेळ का येते, ते नीट पाहू. टाकीतला गाळ दर दोन-तीन वर्षांनी उपसायला हवा. सोसायट्या आठ-दहा वर्षं तिकडे बघत नाहीत. चेंबरच्या झाकणावर पार्किंगच्या फरशा बसवल्या जातात. तळचा गाळ इतका घट्ट होतो की उपसा गाडीचा पाइप तो ओढत नाही. ठेकेदार म्हणतो, "माणूस उतरवून ढवळावं लागेल." यंत्राच्या दुसऱ्या फेरीपेक्षा हे स्वस्त पडतं आणि कमिटी मान डोलावते.

ढवळणं हाच सर्वांत घातक भाग. गाळात कोंडलेला हायड्रोजन सल्फाइड एकदम मोकळा होतो. हा वायू हवेहून जड, त्यामुळे तळाशी साचतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे धोका टळला, असं वाटतं आणि माणूस खाली कोसळतो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कापडी मास्क इथे काडीच्याही उपयोगाचा नाही, कारण त्याने प्राणवायू मिळत नाही. झाकण तासभर उघडं ठेवलं तरी तळची हवा सुरक्षित झाली असं समजू नका.

म्हणून गाळ घट्ट असेल तर टाकीत पाणी सोडून तो सैल करा, वरूनच जोराच्या फवाऱ्याने फोडा, आणि गाडीच्या दोन-तीन फेऱ्या लागल्या तरी लागू द्या. वर्कऑर्डरमध्ये 'माणूस आत उतरणार नाही' असं स्पष्ट लिहून घ्या.

तरीही कुणी आत पडलाच, तर त्याला काढायला दुसऱ्याने उडी घेऊ नये. एकाच टाकीत तिघे-चौघे जातात ते बहुतेक असेच. 101 वर अग्निशमन दलाला बोलवा. त्यांच्याकडे पाठीवर घ्यायचे श्वसनसंच असतात. दल येईपर्यंत पंख्याने किंवा ब्लोअरने आत ताजी हवा सोडा, पण ठिणगी आणि विडी-सिगारेट लांब ठेवा. टाकीतला मिथेन पेट घेतो.

आता कायदा. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर बंदी घालणाऱ्या 2013 च्या अधिनियमाच्या कलम 7 प्रमाणे संरक्षक साधनांविना कुणालाही प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे अशा कामाला लावणं हा गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'ठेकेदाराने आणला, आम्हाला काय ठाऊक' हे कमिटीला म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये मृताच्या कुटुंबाला 10 लाख द्यायला सांगितले. ऑक्टोबर 2023 मध्ये ती रक्कम 30 लाख केली. मृत्यू खाजगी जागेत झाला तरी भरपाई द्यायची जबाबदारी सरकारची आहे, हे मुंबई उच्च न्यायालयाने 2021 मध्ये गोवंडीच्या प्रकरणात तीन विधवांना न्याय देताना स्पष्ट केलं.

प्रत्यक्षात कुटुंब अडतं ते पुराव्यापाशी. पोलिस अनेकदा निव्वळ निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवतात. एफआयआरमध्ये 2013 च्या कायद्याची कलमं आणि मृत अनुसूचित जातीचा असल्यास अ‍ॅट्रॉसिटी कायदाही लागावा, असा आग्रह धरावा लागतो. हा माणूस इथेच कामाला होता, हे सिद्ध करणारा कागद त्यांच्या घरात नसतो. तो सोसायटीकडे असतो: गेटच्या रजिस्टरमधली नोंद, सीसीटीव्हीचं चित्रण, ठेकेदाराला पाठवलेल्या पैशांची पावती. चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. ते त्याच दिवशी काढून घ्या आणि त्याची एक प्रत कुटुंबाच्या हातात द्या.