तेलावरची बंदी आणि आपली हळद

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय "तेल-वायूतल्या परदेशी गुंतवणुकीवरचे निर्बंध", पण मी सुरुवात हळदीपासून करणार, कारण समोर निम्मे लोक मार्केट यार्डातले दिसतायत आणि मला हा विषय कळला तोच हळदीमुळं.

२०११ ची गोष्ट. आमच्या अडतीवरनं मुंबईच्या एका एक्स्पोर्टरकडं राजापुरी हळद गेली, पॉलिश केलेली, कांडी मोडली की आतनं केशरी. माल इराणच्या बंदर अब्बासला उतरला, तिकडच्या गिऱ्हाईकानं उचलला, पैसे द्यायला तो तयार, त्याच्याकडं पैसे होतेही. पण मधली बँक कागद हातात धरेना. एक्स्पोर्टर म्हणायचा थांबा, आम्ही शेतकऱ्याला म्हणायचो थांबा, आणि त्याच काळात हळदीचे भाव वरनं घसरत खाली आलेले. एक शेतकरी रोज दुपारी दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचा, काही बोलायचा नाही, चहा घ्यायचा नि जायचा. त्याच्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं. पूर्वी सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या साठवणीच्या खड्ड्यात, हळद घालून माणूस भावाची वाट बघत बसू शकायचा (२००५ च्या महापुरात कितीतरी पेवं गेली, त्यावर एकदा वेगळं बोलायला बोलवा), पण विकून झालेल्या मालाचे पैसे कुठल्या पेवात घालणार?

मी बँकेत जाऊन विचारलं, साहेब, हळदीवर बंदी आहे का? नाही म्हणाले. खाण्याच्या वस्तूंना सूट आहे का? आहे म्हणाले. मग? तर म्हणाले, "इराण नाव आलं की वरनं नको म्हणतात." बघा, हे एक वाक्य मला गेली कित्येक वर्षं सोडत नाही. डिसेंबर २०१० मध्ये आपल्या रिझर्व्ह बँकेनं इराणचे व्यवहार आशियाई क्लिअरिंग युनियनमधनं, म्हणजे आशियातल्या देशांच्या मध्यवर्ती बँका आपसातले व्यापाराचे हिशेब मिटवतात त्या व्यवस्थेतनं, बंद केले, तिथनं हे सगळं सुरू झालं.

आता तेलाकडं येतो. १९९५ ला कोनोको या अमेरिकन कंपनीनं इराणच्या सिरी तेलक्षेत्राचा करार मिळवला, अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यांनी तो होऊ दिला नाही, आणि थोड्याच महिन्यांत तोच करार फ्रान्सच्या टोटालनं उचलला. आपल्या माणसाला रानातनं हाकललं आणि शेजाऱ्यानं पेरणी केली, असा प्रकार! मग शेजाऱ्यालाच दम द्यायला अमेरिकेचा १९९६ चा इराण-लिबिया कायदा आला: तिथल्या तेल-वायूत वर्षाला ४ कोटी डॉलरच्या वर गुंतवणूक केली तर कंपनी कुठल्याही देशाची असो, शिक्षा. इराणसाठी ही मर्यादा पुढं २ कोटींवर आली. युरोप भडकला, त्यांनी आपल्या कंपन्यांनी हा कायदा पाळू नये असा उलटा नियम काढला. १९९७ ला टोटाल, रशियाची गाझप्रोम आणि मलेशियाची पेट्रोनास इराणच्या साउथ पार्स वायुक्षेत्रामध्ये २०० कोटी डॉलर घेऊन उतरले आणि १९९८ ला अमेरिकेनंच त्यांना सूट दिली. या कायद्याखाली पहिली शिक्षा व्हायला २०१० उजाडलं. चौदा वर्षं!

चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिली म्हणतायत. बरं, मुद्द्यावरच येतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की गुंतवणूकदाराला घातलेली बंदी एकटी चालली नाही, चालली ती बँकेला घातलेली भीती. २०१० नंतर अमेरिकेनं परदेशी बँकांना सांगितलं, इराणशी ठरावीक व्यवहार कराल तर डॉलरचं दार बंद, आणि बँका नेमक्या रेषेवर थांबत नाहीत, त्या रेषेच्या दहा हात अलीकडंच थांबतात. त्या दहा हातांत आमची हळद होती. २०१२ ला आपल्या सरकारी युको बँकेत इराणसाठी रुपयाचं खातं निघालं, आपण इराणला द्यायच्या तेलाच्या पैशातला ४५ टक्के भाग त्यात, त्यातनंच इराण आपला तांदूळ-चहा घेणार. युकोच का? तिचे अमेरिकेत हितसंबंध नव्हते म्हणून. मग मे २०१९ ला इराणचं तेल घ्यायला अमेरिकेनं आपल्याला दिलेली सूट संपली, आपण इराणचं तेल थांबवलं, खात्यात रुपये यायचे थांबले आणि फटका बासमतीवाल्यांना बसला.

इराणच्या समुद्रातल्या फर्जाद-बी वायुक्षेत्राचं पटकन सांगतो. ओएनजीसी विदेश, इंडियन ऑइल आणि ऑइल इंडिया या आपल्या सरकारी कंपन्यांनी २००२ ला ब्लॉक घेतला, २००८ ला त्यात हे मोठं वायुक्षेत्र सापडलं, मग निर्बंध आले, भावाची नि अटींची घासाघीसही लांबली हे खरंय, आणि २०२१ ला ते क्षेत्र इराणनं स्वतःच्याच पेट्रोपार्स कंपनीला दिलं. रशियात सखालिन-१ या तेलप्रकल्पात आपला २० टक्के हिस्सा आहे, २०२२ ला युक्रेन युद्धानंतर अमेरिकेची एक्सॉन बाहेर पडली, आपण टिकलो, पण रशियातल्या गुंतवणुकीचा लाभांश तिथल्याच बँकांत अडकला. परत बँकच!

म्हणून दिल्लीनं परदेशात तेलाचा ब्लॉक घेताना पैसे कुठल्या बँकेतनं जाणार-येणार हे आधी ठरवावं, आणि खाण्याच्या मालासाठी युकोसारखी एक वाट तेल बंद झालं तरी उघडी ठेवावी. हे मी गेली दहा वर्षं ज्याला त्याला पत्रं लिहून सांगतोय.

आमचे पैसे सात महिन्यांनी आले. लग्न त्याआधीच, उसनवारीवर झालं. बँकेनं परत केलेला तो कागद मी आणलाय, ज्यांना बघायचाय त्यांनी खाली टेबलापाशी या.