रस्त्याच्या अंदाजपत्रकात दिव्याची ओळ

मंडळी, रामराम. नगरपालिकांच्या विद्युत विभागात माझी उभी नोकरी गेली, आणि त्यातली बरीचशी खानदेशातच. म्हणून आज रस्त्याविषयी बोलायला बोलावलंत तरी मी दिव्यांवरच बोलणार आहे.

आपल्याकडच्या एका शहरात मोठा रस्ता काँक्रीटचा झाला. दुभाजकात खांब उभे राहिले, खांबांवर दिवे चढले, आणि पुढचे कित्येक दिवस रस्त्यावर अंधार. एका संध्याकाळी मी तिथे गेलो तेव्हा आमचा वायरमन शिडीवरून खाली उतरत होता. म्हणाला, “खांब शे, दिवा शे, वायरच नही भाऊ!” काँक्रीट ओतण्याआधी वायरसाठी पाइप टाकायचा राहून गेला होता. रस्ता बांधकाम विभागाकडे, दिवे आमच्याकडे. निविदा दोन, कंत्राटदार दोन, आणि दिव्यांचा पैसा रस्ता झाल्यावर आला. शेवटी ब्रेकर लावून नवा कोरा रस्ता चौकाचौकात आडवा फोडला. वरून डांबराचं ठिगळ मारलं. त्या ठिगळावरून स्कूटर गेली की बसणारा दणका मला आजही माझ्याच चुकीसारखा लागतो, कारण त्या कागदांवर माझीही सही होती.

रस्त्याला पैसा मिळतो, तो दिसतो, त्याचा नारळ फुटतो. दिवे मात्र ‘नंतर बघू’च्या रकान्यात जातात. ७४व्या घटनादुरुस्तीनंतर राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत पथदिव्यांचं नाव स्वच्छ लिहिलेलं आहे. म्हणजे हे नागरी संस्थेचं मूळ कामच आहे. पण पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानाचा मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिलेला होता. उरलेल्यात शंभर वाटेकरी. मग दिवे आणायचे कुठून?

माझं सांगणं असं आहे की तो पैसा आपण आधीच दरमहा मोजतोय. फक्त तो वीजबिलात जातोय.

हिशेब सोपा आहे, माझ्याबरोबर करा. जुना पिवळा सोडियमचा दिवा २५० वॅटचा. त्याचा चोक वेगळी वीज खातो, म्हणजे २८० धरा. त्या जागी १२० वॅटचा एलईडी चालतो, कारण सोडियमचा उजेड चहूकडे फाकतो, बराचसा छपरांवर आणि झाडांत जातो. एलईडीचा सरळ रस्त्यावर पडतो. फरक १६० वॅटचा. रोज ११ तास दिवा लागला तर वर्षाला सुमारे ६४० युनिट वाचतात. युनिटला ८ रुपये धरले तर एका खांबामागे पाच हजारांच्या वर. हजार खांबांचे झाले ५१ लाख, दर वर्षी. शिवाय सोडियमखाली सगळे रंग मातकट दिसतात. पिवळ्या उजेडात लाल लुगडं आणि तपकिरी शाल सारखीच. पहाटे केळीच्या गाड्या भरायला निघालेल्या बाईला समोरून येणारा माणूस ओळखता यावा, याची किंमत मी या हिशेबात धरलेलीच नाही.

५ जानेवारी २०१५ रोजी केंद्राने पथदिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. तो राबवणारी ईईएसएल ही सरकारी वीज कंपन्यांनी मिळून काढलेली कंपनी. तिची कल्पना हीच: दिवे आम्ही आमच्या पैशाने लावतो, तुम्ही बचतीतून सात वर्षं फेडा. देशभरात एक कोटीहून जास्त दिवे असे बदलले गेले. कल्पना चांगली होती, आजही चांगली आहे. पण बऱ्याच नागरी संस्थांकडे हप्ते थकले, आणि हप्ता थकला की दुरुस्तीही थंडावते. का थकले? बिल कमी झालं, पण वाचलेला पैसा बाजूला काढलाच नाही. तो सर्वसाधारण फंडात मिसळला, त्यातून पगार झाले, टँकर झाले. म्हणून वाचलेली रक्कम पहिल्या महिन्यापासून स्वतंत्र खात्यात पडली पाहिजे, आणि त्या खात्यातून हप्ता व दुरुस्ती सोडून दुसरं काहीही निघता कामा नये. ठरावात हे लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर भागवू नका.

आणि बचत मोजायची कशी, हा खरा अवघड भाग. रस्त्याकडेची दिव्यांना वीज वाटणारी ती लोखंडी पेटी, फिडर पिलर, उघडून बघा. मी शेकडो उघडल्यात. आत धूळ, पालीची अंडी, बंद पडलेलं टायमर, आणि टायमरला वळसा घालून थेट पिळलेल्या दोन तारा. म्हणून दिवे दुपारी बारालाही चालू. कित्येक ठिकाणी मीटरच नाही. बिल अंदाजाने येतं. आधीचा वापर कुणालाच माहीत नसेल तर ‘इतकं वाचलं’ हे ठरवणार कोण? कंत्राटदार एक आकडा सांगेल, लेखापरीक्षक दुसरा. म्हणून करारावर सही करण्याआधी खांब मोजा, प्रत्येकावर नंबर टाका, मीटर बसवा. या कामाला फार पैसा लागत नाही, माणसं लागतात.

आपल्या हवेचंही ऐका. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५च्या वर जातो, सूर्य बुडल्यावरही खांब हाताला चटका देतो. एलईडीची चकती सहसा जात नाही, जातो तो तिचा ड्रायव्हर, म्हणजे तिला हवी तशी वीज पुरवणारा भाग, उष्णतेने आणि वळवाच्या विजेच्या झटक्याने. तेव्हा निविदेत नुसते वॅट लिहू नका. किती तापमानाला चालेल, विजेच्या झटक्यापासून संरक्षण आहे का, बंद पडलेला दिवा किती तासांत सुरू होईल आणि न झाल्यास दंड किती, हेही लिहा. उजेडसुद्धा मोजून घ्या. आयएस १९४४ हे भारतीय मानक मोठ्या वर्दळीच्या रस्त्याला सरासरी ३० लक्स सांगतं, आणि गल्लीला ४. लक्स म्हणजे रस्त्यावर पडणारा उजेड मोजायचं माप. लक्समीटर हातात मावतो. तो घेऊन रात्री दोन खांबांच्या मधोमध उभं राहायचं, कारण अंधार तिथेच असतो.

तुमच्या शहरातही नव्या रस्त्याचं अंदाजपत्रक कधी ना कधी मंजुरीला येईल. तेव्हा नगरसेवकाला भेटा, प्रत मागा. त्यात मुरूम, खडी, काँक्रीट सगळं सापडेल. त्याच कागदावर, त्याच निविदेत, वायरसाठी पाइपाची ओळ शोधा: रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आणि प्रत्येक चौकात आडवा. ती नसेल तर सही होण्याआधी, त्याच आठवड्यात हरकत द्या.