शेळीसाठी पाला

नमस्कार, श्रोतेहो. आज मला विषय दिलाय कमी पैशात सकस आहार. घरी सांगितलं तर लगेच उत्तर आलं, "म्हणजे पुन्हा नाचणी?" हो, पुन्हा नाचणी. पण तिला जरा थांबू दे. आधी मुळा.

मुळा घेताना आपण भाजीवाल्याला काय सांगतो? "पाला काढून द्या हो, पिशवीत मावत नाही." आता मुळा म्हणजे बरंचसं पाणीच. अ जीवनसत्त्व त्यात जवळजवळ नसतंच, ते सगळं पाल्यात. कॅल्शियम पाल्यात जास्त, लोहही पाल्यातच जास्त. पैसे मोजतो आपण पुऱ्या जुडीचे आणि सत्त्व ठेवून येतो फुटपाथवर. तर पाला. पाला टाकायचा नाही.

हे मला शिकवलं एका शेळीने.

१९८२ साल. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला. माझे बाबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. लालबागला चाळीत तिसऱ्या माळ्यावर आम्ही सहा माणसं एका खोलीत राहायचो. पहिले दोन महिने कुणी फारसं घाबरलं नाही. संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत, त्यांच्यावर भरवसा होता, आज ना उद्या तोडगा निघेल असं जो तो म्हणायचा. मग वाण्याची वही भरली. गावाहून एसटीने नाचणी आणि कुळीथ यायचे, त्यामुळे भाकरी-पिठल्याची ददात नव्हती. ददात होती भाजीची.

आई रात्री साडेआठनंतर बाजारात जायला लागली, बाजार उठायच्या वेळी. पिशवी धरायला मी. तिथे जुन्नरकडच्या एक मावशी बसायच्या. त्यांच्या पाठीमागे पाल्याचा ढीग असायचा, मुळ्याचा, फ्लॉवरचा, कधी बिटाचा. पहिल्या रात्री आईने पाव किलो वांगी घेतली आणि अगदी सहज म्हणाली, "मावशी, तो पाला नेऊ का? आमच्याकडे शेळी आहे."

मी आईकडे बघतच राहिले.

मावशींनी पिशवी गच्च भरून दिली. घरी त्याची हरभऱ्याची डाळ घालून भाजी झाली. फ्लॉवरची कोवळी पानं पिठल्यात गेली. पुढे आठवड्यातून तीनदा आमची शेळी जेवायला लागली.

मग मावशी शेळीची चौकशी करायला लागल्या. "खाती का नीट?" आई म्हणायची, "खाते की." "नाव काय ठेवलंय?" आई अडखळली, तर मी पटकन म्हटलं, "चंद्री." आईने चिमटा काढला, पण चंद्री हे नाव कायम झालं. चंद्रीला सर्दी झाली. चंद्रीच्या गळ्यात घंटा आली. चैत्रात तर मी बोलता बोलता चंद्री गाभण असल्याचंही सांगून टाकलं.

गणपती होऊन गेले. एका रात्री मावशी पिशवी भरता भरता म्हणाल्या, "शेळीला पाच महिने लागतात बाई. व्याली असंल की आता. नातवाला खोकला झालाय, उद्या पावशेर दूध आण चंद्रीचं."

आई रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. दुसऱ्या दिवशी तिने डब्यात पाल्याची भाजी आणि दोन नाचणीच्या भाकऱ्या घेतल्या आणि मान खाली घालून मावशींपुढे डबा ठेवला. मावशींनी झाकण उघडलं. एक घास खाल्ला. म्हणाल्या, "मीठ बेताचं घालती गं तुझी चंद्री." आणि हसत सुटल्या. "अगं, तिसऱ्या माळ्यावर शेळी चढती व्हय?"

त्यांना पहिल्याच रात्री कळलं होतं. त्याही घरी तोच पाला न्यायच्या. आमच्यासाठी निम्मा बाजूला काढून ठेवायच्या. पुढे कितीतरी वर्षं मी बाजारात दिसले की लांबून हाक यायची, "आलं का करडू?"

आता भाजीवर मूठभर कोथिंबीर मागितली तर वेगळे पैसे सांगतात. फुकटची कोथिंबीर हा मुंबईकराचा हक्क होता, असं माझं स्पष्ट मत आहे. कोथिंबिरीबरोबर दोन घटका बोलणंही व्हायचं, तेही गेलं. असो. स्टुडिओच्या काचेपलीकडून मला हात दाखवतायत, तेव्हा पटपट सांगते.

पाल्याच्या भाजीवर लिंबू पिळा. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे भाजीतलं लोह अंगी लागतं. आणि जेवण झाल्या झाल्या चहा नको, चहा तेच लोह अडवतो. पुन्हा सांगते, जेवताना लिंबू आणि चहा तासाभराने.

शेंगदाणे. १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं असतात, बदामापेक्षा जास्तच. मुलांच्या डब्यात बदाम मोजून घालणाऱ्यांनी हे ऐकावं. खवट, काळपट दाणा मात्र टाकून द्या, तिथे काटकसर नको.

सफरचंदाचं तर मला कोडंच आहे. स्टिकर लावलेलं, मेण चोपडलेलं फळ आजाऱ्याला न्यायचं आणि पेरू न्यायला लाजायचं. पेरूत संत्र्याच्या चौपट क जीवनसत्त्व असतं.

आणि हो, नाचणी. १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. ते सगळंच अंगी लागत नाही, पण मोड आणून सत्त्व केलं किंवा आंबील केली तर जास्त लागतं. आमची आई हे कुठे शिकली नव्हती, पण आंबील रोज व्हायची.

मासे खाणाऱ्यांसाठी एकच. १ जूनला यांत्रिक बोटी बंद होतात आणि ताज्या मासळीचे भाव चढतात. सुका जवळा त्याआधी, मे महिन्यातच भरून ठेवा. चिमूटभर जवळा कांद्यावर परतला की भाकरी कमी पडते.

उद्या बाजारात भाजीवाल्याने मुळ्याची जुडी धरून पाला पिरगळायला घेतला की त्याचा हात धरा. का म्हणून विचारलंच, तर घरी शेळी आहे म्हणून सांगा. नमस्कार.