सोनटक्क्याच्या पाकळ्या कुठे आहेत?

सोनटक्क्याचं हे फूल जरा जवळून पाहू. फुलपाखराच्या पंखांसारखे पसरलेले हे पांढरे भाग म्हणजे पाकळ्या, असं कुणीही म्हणेल. खऱ्या पाकळ्या मात्र मागे आहेत. त्या तीन अरुंद, वळलेल्या पट्ट्या दिसतायत ना, त्या! पंख आणि पुढचा रुंद ओठ हे मुळात पुंकेसर. पराग करायचं सोडून त्यांनी पाकळ्यांचं सोंग घेतलंय. कामाचा पुंकेसर उरलाय एकच, आणि त्याच्या परागकोशाच्या दोन कप्प्यांमधून कुक्षीवृंत, म्हणजे स्त्रीकेसराची दांडी, दोऱ्यासारखा बाहेर डोकावतोय.

केळीच्या फुलात सहसा पाच पुंकेसर शाबूत असतात. हळद, आलं, वेलदोडा यांच्यात एक. कर्दळीत तर अर्धाच! तिचा हा पुंकेसर पाहा : एका कडेला परागकोश, दुसरी कड चक्क रंगीत पाकळी.

केळ, आलं, कर्दळ अशी आठ कुळं एका गणात येतात. पुंकेसरांच्या या उतरत्या भाजणीवरून आलं, पेव (ही आल्यासारखीच एक वनस्पती) आणि कर्दळ एका शाखेवरचे, असं अभ्यासक मानत आले होते. डीएनएनेही त्यावर शिक्कामोर्तब केलं. पेव पूर्वी आल्याच्याच कुळात धरत. पण त्याची पानं खोडाभोवती जिन्यासारखी चढतात आणि पानांना आल्याचा वास नाही. आता त्याचं कुळ वेगळं, नातं मात्र सख्ख्या भावंडाचं.

आल्याच्या बाबतीत डोळे फसले. त्याच्या परागकोशाला शिंगासारखं लांब टोक असतं, कुक्षीवृंताला लपेटलेलं. एवढ्या ठळक खुणेवरून आल्याला कुळात स्वतंत्र गट मिळाला होता. 2002 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन क्रेस आणि सहकाऱ्यांनी पेशीकेंद्रातला आणि हरितलवकातला असे डीएनएचे दोन भाग या कुळातल्या निवडक जातींमध्ये ताडून पाहिले. आलं निघालं थेट हळद-सोनटक्क्याच्या गोतावळ्यात. वेलदोडा दुसऱ्या फांदीवर.

झाड कोणत्या फांदीवरचं हे ओळखायला फूल लागतच नाही. माती थोडी बाजूला करू. आल्याची पानं दोन ओळींत असतात, आणि त्या ओळी कंद ज्या दिशेने सरकतो त्याच दिशेने उभ्या. आता वेलदोडा. इथेही ओळी दोनच, पण कंदाला आडव्या.