‘मूल अचानक आडवे आले’

(पुण्यातील एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मित्रहो, अस्थिरोगतज्ज्ञ म्हणून इतकी वर्षे काम करताना एक वाक्य मी असंख्य वेळा ऐकले आहे: ‘डॉक्टर, मूल अचानक आडवं आलं हो.’ चालक ते बोलतो, पंचनाम्यात ते उतरते, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येते आणि आठवडाभराने पलंगाशेजारी बसलेली आईसुद्धा ‘माझंच लक्ष नव्हतं, हा अचानक पळाला,’ असे म्हणू लागते. निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय ‘बालपादचाऱ्यांचे अपघात आणि उपाय’ असा छापला आहे आणि उपायांकडे मी येणारच आहे. पण त्याआधी या ‘अचानक’ शब्दाचा समाचार घेणे मला अत्यंत आवश्यक वाटते.

माझी नात पहिलीत असताना तिला शाळेतून आणण्याचे काम माझ्याकडे होते. कर्वे रस्त्याच्या आतल्या एका गल्लीत ती शाळा आहे. एके दुपारी रस्ता ओलांडताना मी तिला नेहमीप्रमाणे ‘दोन्हीकडे बघ,’ असे म्हणालो, तेव्हा ती म्हणाली, ‘आजोबा, बघतेय, पण मला काही दिसतच नाहीये.’ दुसऱ्या दिवशी मी फूटभर उंचीचे स्टूल आणि मोजपट्टी घेऊन तिथेच जाऊन बसलो. सहा वर्षांच्या मुलाची उंची साधारण ११५ सेंटिमीटर असते, म्हणजे त्याचे डोळे जमिनीपासून सुमारे १०५ सेंटिमीटरवर असतात; त्या स्टुलावर बसल्यावर माझे डोळे बरोबर तिथे आले. उजवीकडे एक टेम्पो उभा होता, डावीकडे दोन मोटारी आणि दुचाकींची रांग होती. मला दिसले ते टेम्पोचे मागचे चाक, चिखल वाळलेले रबर, नंबरप्लेट आणि खालून दिसणारी रस्त्याची वीतभर पट्टी. येणारी वाहने दिसावीत म्हणून मान टेम्पोच्या पुढे काढावी लागली, आणि मान तिथे पोहोचते तेव्हा मुलाचे पाऊल आधीच रस्त्यावर पडलेले असते. चालकालाही मूल त्याच क्षणी पहिल्यांदा दिसते. मूल बराच वेळ तिथे उभे होते, बघत होते. आपण मध्ये उभ्या केलेल्या टेम्पोमुळे दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता, आणि दोष मात्र मुलाच्या नावावर मांडला गेला.

शाळेच्या फाटकाच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर वाहने उभी करू देऊ नयेत, असा अर्ज मी संबंधित कार्यालयात दिला. तीन खेपा घातल्या. आठव्या महिन्यात तिथे झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे मारण्यात आले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो त्याच पट्ट्यांवर उभा होता. त्या दिवशी मला फार संताप आला, आणि तो आजही गेलेला नाही, कारण अशाच फाटकांसमोरून आणलेली मुले मी तपासलेली आहेत. मोठ्या माणसाला मोटारीचा बंपर बहुधा गुडघ्याखाली लागतो, पण लहान मुलाला तोच मांडीला लागतो आणि बॉनेट छातीला. मग मूल फेकले जाते आणि डोके आपटते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा उपाय आता थोडक्यात सांगतो.

पहिला उपाय नजर मोकळी करण्याचा. अमेरिकेतील होबोकेन या छोट्या, दाटीच्या शहराने चौकांच्या कोपऱ्यांवरील पार्किंग हटवले आणि जोडीला इतरही बदल केले. २०१७ पासून पुढे कित्येक वर्षे तिथे रस्त्यावर एकही मृत्यू झाला नाही.

दुसरा वेगाचा. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर, आणि सावध चालकालाही ब्रेक दाबेपर्यंत साधारण एक सेकंद लागतो. कोरड्या रस्त्यावर ताशी ३० ने येणारी मोटार तेरा-चौदा मीटरमध्ये पूर्ण थांबते. ५० ने येणाऱ्या मोटारीचा तेवढ्या अंतरात ब्रेकही लागलेला नसतो. म्हणूनच रस्ते-सुरक्षेवरील जागतिक परिषदेच्या २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात, जिथे पादचारी आणि वाहने एकत्र येतात तिथे ३० ची मर्यादा मागितली आहे. फलक लावून ती पाळली जात नाही. त्यासाठी शाळेसमोरचे क्रॉसिंगच पदपथाच्या पातळीपर्यंत उचलावे लागते.

मुलांना नियम शिकवावेतच, परंतु सहा-सात वर्षांच्या मुलाला येणाऱ्या वाहनाच्या वेगाचा अंदाज नीट करता येत नाही, आणि चेंडू घरंगळला की शिकवलेले सारे तो विसरतो. नेदरलँड्समध्ये १९७१ या एका वर्षात चारशेहून अधिक मुले रस्त्यावर दगावली, तेव्हा तिथले पालक रस्त्यावर उतरले आणि त्यांनी रस्ते बदलायला लावले. आपल्याकडे ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता पादचाऱ्यांसाठी मोकळा करतात. त्या दिवशी तिथे मुले कशी चालतात, ते एकदा जाऊन पाहा.

शेवटचे काम उद्या सकाळीच करता येईल. रिक्षावाले किंवा व्हॅनवाले काका मुलाला घरासमोर, पण रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला उतरवतात आणि मूल त्याच गाडीच्या आडून घराकडे धावते. वळसा पडला तरी मुलाला घराच्याच बाजूला उतरवा, अशी त्यांना विनंती करा. आणि त्या वळशाच्या इंधनाचे म्हणून त्यांनी महिन्याला थोडे जास्त पैसे मागितले, तर कृपा करून घासाघीस करू नका.