उन्हाळ्याचं दार लावणारं पाणी

[डोंगरउतार. कच्चा रस्ता. चिखलात रुतलेलं चाक.]

मार्च महिना. आपल्याकडे एव्हाना टँकरची चौकशी सुरू होते. इथे, ब्राझीलमध्ये, रिओ दी जनेरोच्या मागच्या डोंगरात, सगळं ओलंचिंब. दक्षिण गोलार्धात उन्हाळा डिसेंबरपासून, आणि या पट्ट्यात पाऊसही त्याच ऋतूत. मार्च सरता सरता दोघेही निघतात.

या जागेचं नाव पोसू फुंदू. पोसू म्हणजे डोह, फुंदू म्हणजे खोल. १९७२ साली संगीतकार टॉम जोबिम इथे घर बांधत होता. त्याच दिवसांतलं हे गाणं, 'आग्वास जी मार्सू'. मार्चचं पाणी.

[भिजलेल्या विटांचा ढीग. वरून ओघळणारं पाणी.]

गाण्यात गोष्ट नाही, नायक नाही. यादी आहे. काठी, दगड, संपलेली वाट. तोडलेल्या झाडाचं खोड. काचेचा तुकडा. येणाऱ्या विटा, घराचा आराखडा, बंद पडलेली गाडी, चिखल. जवळजवळ प्रत्येक वस्तूआधी एकच अक्षर, 'ए'. म्हणजे 'आहे'. ए पाउ, ए पेद्रा. काठी आहे, दगड आहे. (हा पाउ म्हणजे मिसळीसोबतचा पाव नव्हे. पण तोही याच भाषेतून, पोर्तुगीजमधून, आपल्याकडे आला, चावी आणि बटाट्याबरोबर.)

यादीत ताप आहे, पायाला झालेली जखम आहे, मरणही आहे. विटेला जो सूर, तोच मरणाला.

[पियानो. डावा हात.]

डावा हात बघा. वरची चाल दोन-तीन सुरांभोवती घुटमळते. खालचा खर्ज मात्र अर्ध्या-अर्ध्या सुराने उतरत जातो, उतारावरून पाणी जावं तसा.

आणि मग ती ओळ. मार्चचं पाणी उन्हाळा बंद करतंय, तुझ्या काळजात जगण्याचं वचन आहे. मूळ शब्द 'फेशांदू'. दार लावायचं असो की दुकान बंद करायचं, तिथे हाच शब्द.

म्हणजे हे वसंतगीत नाही. इंग्रजी रूप जोबिमने स्वतःच लिहिलं आणि त्यात वसंत आणला, कारण उत्तरेत मार्च म्हणजे बर्फ वितळायचे दिवस. आपण ते वाचतो आणि पालवी, कोकीळ सुरू करतो. मराठीत याला वळीव म्हणता येणार नाही, अवकाळी तर नाहीच. हा परतीचा पाऊस आहे.

[छोटी तबकडी, फिरणारी.]

देशात तेव्हा लष्करी राजवट. 'ओ पास्किम' हे खोचक विनोदी साप्ताहिक. त्याची संपादक मंडळी १९७० मध्ये तुरुंग बघून आलेली. त्याच साप्ताहिकाने ही तबकडी काढली. एका बाजूला हे गाणं, दुसऱ्या बाजूला तेव्हा नवखा असलेला गायक झुआंव बोस्को. राजवट १९८५ पर्यंत राहिली.

[नदी. गढूळ, भरलेली.]

याच डोंगरपट्ट्यात जानेवारी २०११ मध्ये पूर आला, दरडी कोसळल्या, नऊशेहून अधिक माणसं गेली.

[स्टुडिओ. दोन मायक्रोफोन.]

लॉस एंजेलिस, १९७४. टॉम आणि गायिका एलिस रेजिना. आधी ओळी वाटून घेतात, मग नुसते शब्द. पुढे शब्दांचीही टोकं झडतात. 'पेद्रा'चं 'एद्रा' उरतं, 'कामिन्यू'चं, म्हणजे वाटेचं, 'मिन्यू'. एलिसला हसू आवरत नाही.

[निवेदन थांबतं. गाणं चालू.]