दोन फुलदाण्या आणि एक तारीख

नमस्कार श्रोतेहो. चिनी मातीची बरणी आपल्याकडे घरोघरी असते. वरून तपकिरी, खालून पांढरट, आत कैरीचं लोणचं. ती पोर्सेलीन नव्हे बरं का, पण बरणी म्हणून उत्तम. स्टीलच्या डब्यात लोणचं भरणाऱ्यांना हात जोडावेत! मीठ आणि आंबट मिळून स्टीललाही खातात. असो.

खरी निळी-पांढरी पोर्सेलीन चीनमधल्या जिंगदेजेनची. केओलिन नावाची पांढरी माती आणि कुटून बारीक केलेला एक दगड, दोन्ही मिळून भांडं घडतं. ते वाळलं की न भाजताच त्यावर कोबाल्टनं चित्र काढायचं. कोबाल्ट तेव्हा काळपट दिसतो, निळा होतो तो भट्टीत. कच्ची माती रंग टिपकागदासारखा पिते, त्यामुळे चुकलेली रेघ पुसता येत नाही. रंग जाड बसला तर तिथे काळे ठिपके उमटतात. मग वरून पारदर्शक झिलई, आणि सुमारे 1300 अंशांवर एकदाच भाजायचं. एवढं लक्षात असू द्या: चित्र आधी, झिलई नंतर. चित्र खाली, झिलई वर.

आता त्या फुलदाण्यांची गोष्ट. दोन जुळ्या, प्रत्येकी दोन फुटांहून थोडी उंच, कानांना हत्तीची डोकी, अंगावर ड्रॅगन. गळ्याशी केळीची पानं रंगवलेली, आणि त्या पानांमध्ये मजकूर: झांग वेन्जिन नावाच्या भक्तानं घरादाराच्या, मुलाबाळांच्या सुखासाठी देवळाला हे अर्पण केलं. खाली तारीख. आपल्या हिशेबानं साल 1351, म्हणजे मंगोलांच्या युआन राजवटीतलं.

हॉब्सन या अभ्यासकांनी 1929 मध्ये हे छापलं, पण फारसं कुणी मनावर घेतलं नाही. एवढं सफाईदार निळं काम पुढच्या मिंग काळातलंच, अशी समजूत होती. पण तारीख कोबाल्टनं लिहिलेली आहे, झिलईच्या खाली! चित्र खाली, झिलई वर. म्हणजे भांडं भाजून झाल्यावर ती कुणी घुसडणार कशी?

दोन्ही फुलदाण्या वेगवेगळ्या हातांतून घेऊन पुन्हा एकत्र आणल्या पर्सिव्हल डेव्हिड यांनी. जन्म 1892, आपल्या मुंबईतला. एक त्यांनी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्याकडून घेतली. मुंबईचे गव्हर्नर ते निराळे, हे नंतरचे संग्राहक. दुसरी 1935 च्या लिलावात मिळाली.

पुढे 1950 च्या दशकात अमेरिकन अभ्यासक जॉन पोप यांनी याच जोडीवरची पानं, लाटा, ड्रॅगन प्रमाण धरले आणि इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातली, इराणच्या अर्दबील दर्ग्यातली भांडी त्यांच्याशी ताडून पाहिली. अनेक भांडी चौदाव्या शतकातली निघाली. एका तारखेनं सगळा क्रम मागे सरकला!

ही जोडी आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. कानांतल्या कड्या गेल्यात. आणि गळ्यावरच्या त्या मजकुरात वस्तू तीन लिहिल्या आहेत: दोन फुलदाण्या, एक धूपदाणी. धूपदाणी अजून सापडलेली नाही.